बारा जणांचा शुक्रवार कट्टा

फिलाडेल्फिया म्हणजे लिबर्टी बेल, 'रॉकी'च्या पायऱ्या आणि चीजस्टेक... बस्स, एवढंच? थांबा जरा! जगभरातले सीईओ आज घसघशीत फी भरून ज्या 'पीअर ग्रुप'मध्ये बसतात, त्याचा एक भन्नाट पूर्वज याच शहरातल्या एका गल्लीत वाढला. आणि तो काढणारी मंडळी कुणी बडे शेठ नव्हते, तुमच्या-आमच्यासारखी नोकरदार पोरं होती.

न्यू जर्सीतला तुमचा मित्र तुम्हाला फिलाडेल्फिया दाखवतो, तेव्हा त्याचा प्रोग्राम ठरलेला असतो. सकाळी लिबर्टी बेलपुढे फोटो. मग इंडिपेंडन्स हॉल. दुपारी चीजस्टेक, शाकाहारी असाल तर प्रेट्झेल. मग आर्ट म्युझियमच्या पायऱ्या धावत चढायच्या, 'रॉकी'सारखे हात वर करायचे आणि संध्याकाळी परत एडिसनला. १७७६, स्वातंत्र्याचा जाहीरनामा... झालं, चेकलिस्ट पूर्ण!

हरकत नाही. पण हातात अर्धा दिवस जास्तीचा असेल तर एक करा. १७७६ सोडा आणि आणखी ४९ वर्षं मागे जा.

१७२७ च्या शरदात याच शहरात एका प्रिंटिंग प्रेसमध्ये नोकरी करणाऱ्या २१ वर्षांच्या पोरानं एक ग्रुप काढला. दर शुक्रवारी संध्याकाळी भेटायचं. आपला धंदा, पैसा, शहर, जग यांच्याबद्दल मोकळेपणानं बोलायचं. एकमेकांना वर ओढायचं. ग्रुपचं नाव 'जुन्टो'. पोराचं नाव बेंजामिन फ्रँकलिन. हो, शंभर डॉलरच्या नोटेवरून आपल्याकडे बघतो तोच!

खिशात एक डॉलर

सुरुवात करा मार्केट स्ट्रीटच्या पूर्वेकडच्या टोकाला, डेलावेअर नदीच्या बाजूला. १७२३ च्या ऑक्टोबरात फ्रँकलिन इथल्या धक्क्यावर उतरला तेव्हा १७ वर्षांचा होता. बॉस्टनमध्ये सख्ख्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता, ती अर्धवट टाकून पळालेला. खिशात एक डच डॉलर आणि थोडी तांब्याची चिल्लर. पहिली खरेदी तीन मोठे पाव. एकेक दोन्ही काखांत आणि तिसरा खात खात स्वारी याच रस्त्यानं चालत गेली. या शहरात ना नातेवाईक, ना ओळख, ना कुणाची चिठ्ठी. मुंबईत पहिल्यांदा उतरलेल्या कुणालाही हा सीन ओळखीचा वाटेल.

तिथून सेकंड स्ट्रीटवर वळलात की क्राइस्ट चर्चचा पांढरा मनोरा दिसतो. या चर्चच्या सध्याच्या इमारतीचं काम सुरू झालं तेही १७२७ मध्येच. चर्चजवळच्या अरुंद चर्च स्ट्रीटला तेव्हा प्यूटर प्लॅटर अॅली म्हणत. जुन्टोची मंडळी आधी एका टॅव्हर्नमध्ये भेटायची. नंतर रॉबर्ट ग्रेस नावाच्या सदस्यानं आपल्या घरातली एक खोली दिली. ते घर या गल्लीत होतं.

ही माणसं राहायची कशी, हे बघायचं तर आणखी पाच मिनिटं उत्तरेला चालत एल्फ्रेथ्स अॅलीत शिरा. विटांची चिंचोळी घरं, रंगीत दारं-खिडक्या, पायाखाली दगडी फरसबंदी. यातली सर्वांत जुनी घरं १७२० च्या दशकातली आहेत आणि त्यांत आजही लोक राहतात. खाली दुकान किंवा कामाची जागा, वर संसार. आपल्या जुन्या पेठांमधल्यासारखंच की!

कोण होते हे बारा?

ग्रुपची कमाल संख्या १२. आणि सुरुवातीची यादी मजेशीर आहे. फ्रँकलिनसोबत त्याच छापखान्यात राबणारे तिघं होते : ह्यू मेरेडिथ, स्टीफन पॉट्स आणि जॉर्ज वेब. जोसेफ ब्राइंटनल हा दस्तऐवजांच्या नकला करणारा लेखनिक. टॉमस गॉडफ्रे काचकाम करायचा आणि गणित स्वतःच शिकला होता. निकोलस स्कल जमीनमोजणीवाला. विल्यम पार्सन्स मूळचा चांभारकाम शिकलेला. विल्यम मॉग्रिज सुतार. विल्यम कोलमन एका व्यापाऱ्याकडे कारकून. पैसेवाला म्हणावा असा एकच, तो रॉबर्ट ग्रेस. लोकांनी नावही ठेवलं होतं, 'लेदर एप्रन क्लब'. चामड्याचे एप्रन बांधून काम करणाऱ्यांचा क्लब!

बघा, यात एकही 'बिझनेस लीडर' नाही. सगळे होऊ घातलेले. पुढे कोलमन नामांकित व्यापारी आणि न्यायाधीश झाला. स्कल आणि पार्सन्स दोघेही पेनसिल्व्हेनियाचे सर्व्हेयर जनरल झाले. मोठी माणसं एकत्र आली म्हणून जुन्टो झाला नाही. छोटी माणसं एकत्र बसत गेली आणि त्यांतली बरीच मोठी झाली. हा क्रम लक्षात ठेवा, कारण आपण नेमका उलटा विचार करतो. आधी मॅनेजर होऊ, मग असल्या ग्रुपात जाऊ!

२४ प्रश्न आणि वाइनचे ग्लास

आता जुन्टोची खरी गंमत. आपली नेटवर्किंग पार्टी कशी असते? कार्ड द्यायचं, कार्ड घ्यायचं, 'सो व्हॉट डू यू डू?' विचारायचं आणि समोरचा उत्तर देत असताना त्याच्या खांद्यावरून आणखी कोण महत्त्वाचं आलंय ते बघायचं.

जुन्टोमध्ये मात्र २४ ठरलेले प्रश्न होते. सभेला येण्याआधी सकाळीच ते नजरेखालून घालायचे आणि आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे ते तपासायचं. सभेत एकेक प्रश्न वाचला जाई आणि दोन प्रश्नांच्या मध्ये थोडा विराम. किती? ग्लासभर वाइन ओतून ती संपवता येईल एवढा. प्रश्न २४. हिशोब तुम्हीच करा!

प्रश्न मात्र शुद्धीवर आणणारे. गावात नुकताच कुणाचा धंदा बसला का, आणि त्याचं कारण काय ऐकलं? कुणाची भरभराट होतेय का, आणि ती कशामुळे? कुणी होतकरू पोरानं नवा धंदा मांडलाय का, त्याला आपण कसा हात देऊ? बाहेरगावाहून आलेल्या कुणा लायक माणसाला मदत हवी आहे का? तुमच्या नावाला कुणी बट्टा लावायला बघतंय का? एखाद्या अडलेल्या कामात आमचा सल्ला हवाय का?

कुणाचं काय बिघडलं, हा विषय इथं गॉसिपचा नव्हता, अभ्यासाचा होता. आपल्या ऑफिसात कुणाचा प्रोजेक्ट आपटला की आपण पॅन्ट्रीत कुजबुजतो. या मंडळींनी ती कुजबुज टेबलावर आणली आणि तिला एकच शेपूट जोडलं : 'का?'

शिवाय प्रत्येकानं पाळीपाळीनं चर्चेसाठी विषय आणायचा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचायचा. आणि सर्वांत भारी नियम? 'हे असंच आहे' अशा ठाम सुरात बोलायला बंदी. समोरच्याचं म्हणणं धाडकन खोडून काढायलाही बंदी. नियम मोडला की छोटासा दंड! वाद जिंकायला नाही, खरं काय ते शोधायला बसलोय, हे रोख पैशांत शिकवलं जायचं. तुमच्या मंडे मीटिंगला हा दंड लावला, तर महिन्याभरात अख्ख्या टीमचं गोवा ट्रिपचं बजेट निघेल.

सगळ्यांनाच हे जमलं असंही नाही. गणिती गॉडफ्रे प्रत्येक वाक्यात काटेकोरपणा मागायचा, क्षुल्लक गोष्टीवरून हटकायचा. चर्चा पुढे सरकेना. थोड्याच दिवसांत तो बाहेर पडला. हुशारी अफाट होती, पण ग्रुपला हुशारीइतकाच सूरही जुळावा लागतो. कटुता मात्र राहिली नसावी, कारण १७४० च्या दशकात फ्रँकलिननं विद्वानांची संस्था उभी केली तेव्हा तिच्यात गणिती म्हणून गॉडफ्रे होताच.

स्टार्टअप बुडता बुडता...

१७२८ मध्ये फ्रँकलिन आणि मेरेडिथ यांनी नोकरी सोडून स्वतःचा छापखाना टाकला. शहरात आधीच दोन छापखाने. दिग्गज व्यापाऱ्यांचाही एक क्लब होता, रोज रात्री भरणारा. तिथं बहुतेकांचं भाकीत एकच : ही पोरं बुडणार.

इकडे जुन्टोच्या ब्राइंटनलनं क्वेकर मंडळींकडून त्यांच्या इतिहासग्रंथाच्या ४० फॉर्मांचं काम या नव्या छापखान्याला मिळवून दिलं. पैसे कमी, काम किचकट. फ्रँकलिननं रोज एक फॉर्म जुळवायचा पणच केला. रात्रीचे अकरा वाजायचे. एका रात्री काम संपलं असं वाटत असतानाच जुळवलेला मजकूर विस्कटला आणि दोन पानं मातीत गेली. पठ्ठ्यानं सगळे खिळे पुन्हा लावले आणि मगच झोपला. शेजारीपाजारी हे बघत होते. त्या दिग्गजांच्या क्लबातच एका डॉक्टरनं सांगितलं, मी रात्री घरी जातो तेव्हा हा पोरगा काम करत असतो आणि सकाळी शेजारी उठायच्या आत पुन्हा कामाला लागलेला असतो. पत वाढली ती अशी.

पण खरी परीक्षा पुढेच होती. छापखान्याचं भांडवल मेरेडिथचे वडील देणार होते. १०० पौंड दिले आणि पुढचे १०० त्यांना जमेनात. देणेकऱ्यानं थेट कोर्टात खेचलं. प्रेस आणि खिळे लिलावात जायची वेळ आली.

अशा वेळी जुन्टोतले दोघं, कोलमन आणि ग्रेस, फ्रँकलिनकडे आले. एकत्र नाही, वेगवेगळे. एकाला दुसऱ्याचा पत्ताही नव्हता. आणि गंमत म्हणजे फ्रँकलिननं त्यांच्याकडे काही मागितलंच नव्हतं. प्रत्येकानं सांगितलं : लागेल ती सगळी रक्कम मी देतो, धंदा एकट्याच्या नावावर घे. सोबत एक कडू गोळीही दिली. मेरेडिथबरोबरची भागीदारी आम्हाला बरी दिसत नाही. तो रस्त्यात प्यालेला दिसतो, गुत्त्यात जुगार खेळतो आणि त्यानं तुमची पत जाते.

लक्षात घ्या, मेरेडिथ हा परका नव्हता. जुन्टोचाच सदस्य!

फ्रँकलिननं घाई केली नाही. आधी मेरेडिथशी बोलला. तुझ्या वडिलांना माझ्यासोबतची भागीदारी पसंत नसेल तर सगळं तुझ्या हवाली करून मीच बाजूला होतो, असंही म्हणाला. तेव्हा मेरेडिथनं मोकळेपणानं सांगितलं, मी मूळचा शेतकरी, हे काम माझं नव्हेच. वडिलांचे १०० पौंड परत कर, माझी किरकोळ देणी फेड, मला ३० पौंड आणि एक नवं खोगीर दे. मी नॉर्थ कॅरोलिनात शेती करायला जातो. सौदा झाला. आणि पैसे कुणाचे घ्यायचे? फ्रँकलिननं दोन्ही मित्रांकडून अर्धे-अर्धे घेतले. कुणालाच वाईट वाटायला नको!

जुन्टोचं सार मला या एका प्रसंगात दिसतं. पैसे देणारे मित्र मिळतात, कधी कधी. तोंडावर खरं बोलणारेही मिळतात. पण एकाच माणसानं दोन्ही करावं, तेही न मागता, यासाठी शंभर शुक्रवार एकत्र बसावं लागतं. ती ओळख व्हिजिटिंग कार्डावर छापून येत नाही.

खोलीतून शहरात

आता पाचव्या रस्त्याकडे चला. वाटेत मार्केट स्ट्रीटच्या आतल्या अंगाला फ्रँकलिन कोर्ट लागतं. इथलं फ्रँकलिनचं राहतं घर १८१२ मध्ये पाडलं गेलं. ते नेमकं कसं दिसायचं याची पुरेशी चित्रं मिळेनात, म्हणून १९७६ मध्ये आर्किटेक्ट रॉबर्ट व्हेंचुरी यांच्या फर्मनं खोटं घर बांधायचं टाळलं आणि नुसती पोलादी चौकट उभी केली. घराचं भूतच जणू! आत अंगणात उभं राहून वर बघा, आकाशच दिसतं. फार सुंदर जागा आहे.

पुढे फिफ्थ स्ट्रीटवर लायब्ररी हॉल. दर्शनी भागावर रोमन झग्यातला फ्रँकलिनचा पुतळा आहे. जुन्टोचा सर्वांत मोठा 'आउटपुट' म्हणजे लायब्ररी, आणि ती जन्मली एका फसलेल्या प्रयोगातून. सदस्यांनी आपापली पुस्तकं ग्रेसच्या खोलीत एकत्र ठेवली. पुस्तकं अपेक्षेपेक्षा कमी जमली, नीट निगा कुणीच राखेना आणि वर्षभरात ज्यानं त्यानं आपापली घरी नेली. मग १ जुलै १७३१ ला लायब्ररी कंपनी ऑफ फिलाडेल्फिया सुरू झाली. ५० वर्गणीदार, सुरुवातीला प्रत्येकी ४० शिलिंग आणि मग वर्षाला १०. तिच्या १७९० च्या सुमाराच्या इमारतीसारखीच ही आजची इमारत विसाव्या शतकात पुन्हा उभारली. मूळ संग्रह आता लोकस्ट स्ट्रीटवर आहे.

हाच पॅटर्न पुढेही दिसतो. आगी का लागतात, यावर जुन्टोत निबंध वाचला गेला आणि १७३६ मध्ये युनियन फायर कंपनी उभी राहिली. कागदी चलन हवं की नको, यावर चर्चा झाली आणि १७२९ मध्ये फ्रँकलिननं त्याच्या बाजूनं निनावी पुस्तिका काढली. मग नोटा छापायचं काम मिळालं कुणाला? अर्थात त्यालाच! आज कुणी याला 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट' म्हणेल आणि ते चूकही नाही. १७४९ च्या अकादमीमागेही जुन्टोचीच बरीच मंडळी होती. तिचंच पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ झालं.

दाराबाहेर कोण?

पण एक प्रश्न त्या २४ मध्ये नव्हता : या खोलीत कोण नाही? बाई एकही नव्हती. कृष्णवर्णीयही नव्हता. फ्रँकलिनच्या घरी गुलाम होते आणि त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या खरेदी-विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. आयुष्याच्या शेवटी, १७८७ मध्ये, तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, पण त्याला इतकी वर्षं लागली.

म्हणून हा फेरफटका सिक्स्थ आणि लोंबार्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, मदर बेथेल चर्चपाशी संपवा. याचे संस्थापक रिचर्ड अॅलन यांनी अॅब्सलम जोन्स यांच्यासोबत १७८७ मध्येच फ्री आफ्रिकन सोसायटी काढली. वर्गणी जमवायची आणि आपल्यातल्या आजाऱ्याला, विधवेला, अडलेल्याला हात द्यायचा. ज्यांना त्या खोलीत जागा नव्हती, त्यांनी स्वतःची खोली बांधली. आणि याच शहरात १८५० मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय कॉलेज निघालं, कारण बाकीची दारं बंद होती. १८८६ मध्ये तिथून पदवी घेऊन बाहेर पडली आपली आनंदीबाई जोशी. कुठल्याही ग्रुपात बसताना हा पंचविसावा प्रश्न विचारायलाच हवा.

आणि आज?

जुन्टोची कल्पना आज चांगलीच कॉर्पोरेट झाली आहे. १९५० मध्ये रे हिकॉक या तरुण कंपनीप्रमुखानं न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये यंग प्रेसिडेंट्स ऑर्गनायझेशन, म्हणजे वायपीओ काढली. १९५७ मध्ये मिलवॉकीत रॉबर्ट नोर्स यांनी कंपनीप्रमुखांना एका टेबलाभोवती बसवलं आणि त्यातून आजची व्हिस्टाज झाली. १९८७ मध्ये उद्योजकांची ईओ आली. वायपीओ आणि ईओ आपल्याकडेही आहेत. त्यांच्या छोट्या गटांत दोन गोष्टी कटाक्षानं पाळतात. खोलीतलं खोलीतच राहतं. आणि 'तू असं कर' असा उपदेश नाही, 'माझ्यावर वेळ आली तेव्हा मी असं केलं' एवढंच सांगायचं. ठाम बोलल्यावर दंड लावणारा जुन्टो आठवला ना?

अर्थात त्या टेबलाला बसायला कंपनी लागते, उलाढाल लागते, फी लागते. आपल्याकडे काय असतं? घरी टेन्शन सांगितलं तर घरचे घाबरतात. ऑफिसात सांगितलं तर अप्रेझलमध्ये निघतं. कॉलेजच्या ग्रुपात सांगितलं तर जोक होतो. जुन्टो बसतो तो नेमका या तिन्हींच्या मधल्या रिकाम्या जागेत. आणि ती जागा भरायला २१ वर्षांच्या पगारी नोकराला ना कंपनी लागली, ना फी. कट्टा आपल्याला नवा नाही. त्या कट्ट्याला फक्त एक वार, बारा माणसं आणि चार अवघड प्रश्न द्यायचेत.

तुमचा जुन्टो काढायचाय?

* बारापेक्षा जास्त नकोत. जुन्टोत जागा मागणारे वाढले तेव्हा फ्रँकलिननं संख्या वाढवली नाही. सदस्यांना आपापले वेगळे ग्रुप काढायला सांगितलं. असे पाच-सहा निघालेही.
* सगळे एकाच कंपनीतले नकोत. सुतार, कारकून, मोजणीवाला... मिसळ हवी!
* वार ठरलेला, प्रश्न लेखी. 'बघू, जमलं तर भेटू' म्हणालात की संपलं.
* बोललेलं बाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. जुन्टोनं तर स्वतःचं अस्तित्वही गुपित ठेवलं होतं.

फिलीला जाताय?

* न्यू यॉर्कहून अॅमट्रॅकनं साधारण दीड तासात थर्टिएथ स्ट्रीट स्टेशन. तिथून मेट्रोच्या 'एल' लाइननं सेकंड स्ट्रीट.
* चालत रूट : मार्केट स्ट्रीट – क्राइस्ट चर्च – चर्च स्ट्रीट – एल्फ्रेथ्स अॅली – फ्रँकलिन कोर्ट – लायब्ररी हॉल – मदर बेथेल. रमतगमत अर्धा दिवस.
* फिफ्थ आणि आर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर फ्रँकलिनची कबर आहे. फुटपाथवरून लोखंडी कठड्यातून दिसते. लोक तिच्यावर एक सेंटची नाणी टाकतात.
* पोटपूजेसाठी आर्च स्ट्रीटजवळचं रीडिंग टर्मिनल मार्केट. १८९३ पासून सुरू. शाकाहारींचेही हाल होणार नाहीत.